किल्ली हातात आल्यानंतर

न्यूझीलंडमध्ये गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही. पण त्यामागे एक विचार आहे. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली त्या देशाला सांगितलं की, अपघातात जखमी झालेल्या माणसाला चूक कोणाची हे सिद्ध करण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका; त्याच्या उपचारांचा भार सगळ्यांनी मिळून उचला. त्यातून १ एप्रिल १९७४ रोजी अपघात भरपाईची सरकारी योजना सुरू झाली. तिला तिथे सगळे ‘एसीसी’ म्हणतात. ती परदेशी पाहुण्यालाही लागू आहे. तुमची गाडी घसरली आणि हात मोडला, तर तिथल्या उपचारांचा बराचसा खर्च ही योजना करते. त्या बदल्यात, झालेल्या इजेसाठी कोणावर भरपाईचा दावा लावता येत नाही.

या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दक्षिण बेटावर स्वतः गाडी चालवत फिरायला निघालेल्या मराठी माणसाने तिची हद्द नीट समजून घ्यायला हवी. एसीसी माणसाच्या इजेपुरती आहे. आजारपण तिच्यात येत नाही, मायदेशी परतण्याचा खर्च येत नाही, मायदेशातला बुडालेला पगार येत नाही. म्हणून प्रवास विमा लागतोच. आणि गाडीचा चेपलेला पत्रा, समोरच्या माणसाची गाडी, एखाद्या मेंढपाळाचं मोडलेलं कुंपण, हे सगळं उरतं ते तुम्ही काउंटरवर सही केलेल्या भाडेकराराच्या भरवशावर. म्हणून त्या करारापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. न्यूझीलंडच्या निळ्या तळ्यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे, कराराबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

परवान्याचा प्रश्न सोपा आहे. तिथे पाहुण्याला मायदेशाच्या वैध परवान्यावर पहिलं वर्षभर तरी गाडी चालवता येते. परवाना इंग्रजीत हवा, नाहीतर सोबत मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. महाराष्ट्रातल्या आरटीओने दिलेल्या स्मार्ट कार्डवर मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे कायद्याचं काम तेवढ्यावर भागतं. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा. फॉर्म ४-अ, एक हजार रुपये शुल्क, मुदत एक वर्ष. आणि काही भाडे कंपन्या तो मागतात. मात्र तो एकटा चालत नाही, मूळ कार्ड बरोबर लागतंच. मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर विसंबून निघू नये.

आता करार. बहुतेक कंपन्या २१ वर्षांखालच्या चालकाला गाडी देत नाहीत. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. नवऱ्याच्या नावावर आरक्षण आणि बायकोच्या नावावर कार्ड असेल, तर काउंटरवरच अडकायला होतं. भाड्यात मूळ विमा धरलेला असतो, पण त्याला ‘एक्सेस’ असतो: नुकसान झालं तर पहिले काही हजार डॉलर तुमच्या खिशातून. रोजचे थोडे जास्त पैसे भरून हा आकडा कमी करता येतो, काही योजनांत शून्यावरही आणता येतो. चालक जितके असतील तितक्यांची नावं करारात हवीत. नाव नसलेल्या भावाने ‘तू दमलायस, अर्धा तास मी चालवतो’ म्हणून स्टिअरिंग हातात घेतलं, तर त्या अर्ध्या तासात विमा नाही.

खरी वाचायची जागा पुढे असते, काय वगळलं आहे त्या पानावर. गाडीचा तळ, छत, चुकीचं इंधन, हरवलेली किल्ली, पाण्यात घातलेली गाडी ही नेहमीची नावं. टायर आणि पुढची काच पुष्कळदा वेगळ्या शुल्काखाली असतात. खडीच्या रस्त्यांच्या देशात काचेचं शुल्क भरावं, हे माझं मत. दुसरी कोणतीही गाडी नसताना तुमची गाडी आपसूक उलटली, तर काही करार तो अपघात वेगळा धरतात. आणि मग रस्त्यांची यादी असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता तिच्यात हमखास सापडतो. १८८० च्या दशकात सोन्याच्या खाणींसाठी कड्यात खोदलेला हा एका गाडीपुरता मार्ग आजही जवळपास तसाच आहे. त्यावर भाड्याची गाडी नेली की विम्याचं संरक्षण संपतं. क्राउन रेंजचा रस्ता, म्हणजे १,०७६ मीटरवरून जाणारा देशातला सर्वात उंच डांबरी हमरस्ता, काही कंपन्या पूर्वी याच यादीत घालत असत. तो वानाकाहून क्वीन्सटाउनला जाताना सहज वाटेत येतो, म्हणून गाडी घेतानाच त्याबद्दल विचारावं.

डिझेल गाडी किंवा कॅम्परव्हॅन घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवरचा रस्त्याचा कर पंपावरच वसूल होतो, डिझेलवर मात्र तो नसतो. त्यामुळे पंपावर डिझेल स्वस्त दिसतं आणि करार संपताना दर हजार किलोमीटरमागे ७६ डॉलरच्या हिशेबाने रस्तावापर शुल्क बिलात येतं. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांनाही ते लागू झालं. पाच-सहा जणांच्या कुटुंबाने व्हॅन घेताना हा आकडा आधीच धरला, तर शेवटच्या दिवशी वाद होत नाही.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी चित्रफीत काढून ठेवावी, चाकांच्या कडा आणि काचेसकट. बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. जपानी बनावटीच्या गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला असतो, आपल्या मारुतीसारखा, त्यामुळे पहिल्या वळणावर वायपर सुरू होत नाही. रस्ता डावीकडचा. आपल्याकडून जाणाऱ्याला हे सगळं इतकं ओळखीचं वाटतं की, दोन तासांत आपण इथलेच असल्यासारखा हात सैल पडतो. मला त्या देशातला खरा धोका इथे दिसतो. युरोपात उजवीकडून चालवताना माणूस घाबरून का होईना, सावध राहतो.

ख्राइस्टचर्च सोडलं की कँटरबरीचं मैदान लागतं, सरळ आणि सपाट. मग बर्क्स पास ओलांडून आपण मॅकेन्झी खोऱ्यात उतरतो आणि टेकापो तळं समोर येतं. काठावरचं दगडी चर्च १९३५ चं आहे. पुढे पुकाकी. या तळ्यांचा रंग छायाचित्रकाराने वाढवलेला नाही. वरच्या हिमनद्या खडक दळत खाली सरकतात, त्या पिठासारख्या बारीक कणांनी पाण्यात प्रकाश विखुरतो आणि पाणी दुधाळ निळं दिसतं. पुकाकीच्या टोकाशी ओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर. १९९१ साली त्याच्या माथ्याचा एक भाग हिमकड्यासकट कोसळला आणि पर्वत ठेंगणा झाला. हे खोरं २०१२ पासून संरक्षित काळोखाचा प्रदेश म्हणून जाहीर आहे, त्यामुळे टेकापोला मुक्काम केलात तर रात्री बाहेर पडा. आकाशगंगा तिथे जशी दिसते तशी पुण्या-मुंबईच्या मुलांनी पाहिलेली नसते.

पण इथेच रस्त्याच्या कडेला सर्वात जास्त चुका होतात. समोर दृश्य आलं की चालकाचा पाय ब्रेकवर जातो, मागून ताशी शंभरने दुधाचा टँकर येत असतो. खुल्या रस्त्यावरची वेगमर्यादा १००, गावात ५०, आणि दोन्ही पाळल्या जातात. वळणाआधीच्या पिवळ्या पाटीवर ३५ लिहिलेलं असेल, तर तो आकडा त्या वळणासाठी मोजून दिलेला सल्ला असतो, तो ऐकावा. आपल्या घाटांत वळणावर हॉर्न देऊन पुढे सरकायची सवय असते. तिथे हॉर्न ऐकू येत नाही, आपल्या डाव्या बाजूला चिकटून राहणं हाच इशारा.

पश्चिम किनाऱ्यावर पूल सुरू होतात. सदर्न आल्प्समधून धावत येणाऱ्या नद्यांवर एका गाडीपुरते अरुंद पूल आहेत, आणि पाटीवरच्या बाणांवर सगळं चालतं. निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण आधी. लाल वर्तुळात आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं. सिग्नल नाही, पोलिस नाही, तरी समोरचा थांबतो. टारामाकाऊ नदीवर तर २०१८ पर्यंत आगगाडी आणि मोटारी एकाच अरुंद पुलावरून जात असत. हे पूल मला त्या देशाचा स्वभाव सांगतात: प्रत्येकजण नियम पाळेल हे गृहीत धरून ती व्यवस्था उभी आहे, आणि पाहुण्यावरही तेवढाच विश्वास टाकलेला आहे.

हा विश्वास एकदा फार ताणला गेला होता. २०१५ च्या आसपास दक्षिण बेटावर परदेशी चालकांच्या अपघातांवरून लोक इतके संतापले की, वेडीवाकडी चालणारी गाडी अडवून स्थानिकांनी पर्यटकांच्या हातून किल्ल्या काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. देशभराचा हिशेब पाहिला तर परदेशी चालकांचा वाटा लहानच आहे. पण क्वीन्सटाउन आणि वेस्टलँडसारख्या भागांत तो बराच मोठा ठरतो, कारण तिथे पाहुणेच जास्त चालवतात. किल्ली हिसकावणं मला पटत नाही. पण त्या गावकऱ्यांच्या जागी वरंधा घाटाखालचा एखादा गावकरी ठेवून पाहा, ज्याची मुलं रोज त्याच रस्त्याने शाळेला जातात. मग राग समजतो. सरकारने यावर जे केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. २०१४ पासून ओटागो, साउथलँड आणि वेस्ट कोस्ट या भागांत पाहुण्या चालकांसाठी खास प्रकल्प राबवला. प्रेक्षणीय जागांच्या बाहेर रस्त्यावर डावीकडचे बाण रंगवले, मधल्या रेषेवर खडखडाट करणाऱ्या पट्ट्या घातल्या, भाडे कंपन्यांना गाडी देताना नियम समजावून सांगायला लावले.

ख्राइस्टचर्चमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांशी या विषयावर बोलणं झालं. दरवर्षी त्यांच्याकडे नातेवाईक येतात, आणि प्रत्येकाच्या हातात पुण्याहून किंवा ठाण्याहून आणलेला कार्यक्रम असतो. “ताई, मी त्यांना गाडी चालवायला शिकवत नाही,” ते म्हणाले. “चालवता येतं सगळ्यांना. मी फक्त त्यांच्या यादीतली तीन ठिकाणं खोडतो. सिंगापूरमार्गे रात्रभर प्रवास करून येतात, घड्याळ साडेसात तास पुढे गेलेलं असतं, आणि त्याच दुपारी टेकापोला निघतात. सव्वादोनशे किलोमीटर. म्हणतात, सपाट रस्ता आहे, काय होतंय. डोळा लागतो तो सपाट रस्त्यावरच.”

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं, आणि त्याचा सर्वात मोठा पुरावा मिलफर्डचा रस्ता आहे.

क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. आठ तास ड्रायव्हिंग, दोन तास बोट, आणि हे सगळं एका दिवसात बसवणारे कार्यक्रम आपल्याकडे सर्रास होतात. ज्याला एका दिवसातच उरकायचं आहे त्याने बसने जावं, आणि त्यात कमीपणा काही नाही. गाडी घेतली असेल तर मुक्काम ते आनाऊला करावा. तिथून मिलफर्ड ११८ किलोमीटर आहे आणि त्यातल्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज नाही. इंधनाची टाकी ते आनाऊलाच भरायची, नकाशा आधी उतरवून घ्यायचा.

हा रस्ता १९२९ साली बांधायला घेतला. पाठोपाठ महामंदी आली आणि बेकारांच्या हाताला काम म्हणून तो पुढे सरकत राहिला. माणसं तंबूत राहत, फावडं आणि हातगाडी हीच यंत्रसामग्री. १९३५ मध्ये होमर खिंडीखाली बोगदा खणायला सुरुवात झाली. वरून हिमकडे कोसळत, त्यांत कामगार गेले, मध्ये महायुद्ध आलं, आणि सव्वा किलोमीटर लांबीचा हा बोगदा वाहतुकीला खुला व्हायला १९५४ उजाडलं. आजही आत शिरलं की खडक ओबडधोबड दिसतो, आणि उतार एकास दहा. उन्हाळ्याच्या गर्दीत दोन्ही तोंडांशी सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. पलीकडे बाहेर पडलं की डोंगराच्या भिंती चहूकडून एकदम वर उठतात आणि रस्ता नागमोडी खाली उतरतो. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खालचा लावून उतरावं, सतत ब्रेक दाबून ते तापवू नयेत.

१९८३ साली याच भागात हिमस्खलनाखाली रस्त्यावरचा एक कर्मचारी गेला. त्यानंतर इथे हिमस्खलनावर पाळत ठेवण्याची जी यंत्रणा उभी राहिली, ती आज डोंगरावरच्या बर्फाचं रोज मोजमाप करते, धोका वाढला की रस्ता बंद करते आणि स्फोट घडवून बर्फ मुद्दाम खाली पाडते. म्हणूनच ‘थांबू नका’ अशी पाटी असलेल्या पट्ट्यात फोटोसाठी एक मिनिटही थांबायचं नाही. मे ते नोव्हेंबर या काळात चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर ठेवायला सांगतात. त्या लावायची सवय नसेल, तर आपल्या माणसाने हिवाळ्यात हा रस्ता स्वतः चालवू नये असं मी स्पष्टच म्हणेन.

बोगद्याच्या तोंडाशी गाड्या थांबलेल्या असताना केआ येतात, हिरवे, दणकट, डोंगरी पोपट. वायपरचं आणि दाराच्या कडेचं रबर ते चोचीने सोलून काढतात. त्यांना खाऊ घालू नये. एकदा माणसाकडून मिळालं की ते रस्त्यावरच राहतात आणि चाकाखाली येतात. मेंढ्यांना इजा करतो म्हणून या पक्ष्याच्या डोक्यावर शंभरेक वर्षं सरकारी बक्षीस होतं आणि दीड लाखाच्या आसपास केआ मारले गेले. पूर्ण संरक्षण मिळालं ते १९८६ मध्ये. बोगद्यापाशी शंकू ढकलून वाहतूक अडवतात म्हणून रस्ते विभागाने त्यांच्यासाठी बाजूला खेळण्यांची जागा करून दिली, ही मला त्या रस्त्यावरची सर्वात लोभस गोष्ट वाटली.

मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोली पाहिलेल्याला हा आकडा नवा नाही, फरक इतकाच की आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि मिलफर्डचा वर्षभर येत-जात राहतो. पाऊस आला म्हणून लोक हिरमुसतात. वर्षभर वाहणारे धबधबे तिथे दोनच. मुसळधार पावसात मात्र प्रत्येक कड्यावरून शेकडो उतरतात. ते आनाऊला दोन रात्री असतील, तर पावसात एकदा आणि उघडिपीत एकदा जाता येतं. गाडी भाड्याने घेतल्याचं सार्थक मला तिथे दिसलं.

आपण गाडी घेतो स्वातंत्र्यासाठी आणि मग प्रत्येक रात्रीचं हॉटेल परत न मिळणाऱ्या पैशांत आधीच बांधून टाकतो. दक्षिण बेटाला हे मानवत नाही. २६ मार्च २०१९ रोजी फ्रान्झ जोसेफ गावाजवळचा वाइहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. एरवी पंचवीस किलोमीटरवर असलेल्या फॉक्स ग्लेशियर गावाला जायला शेकडो किलोमीटरचा वळसा घ्यावा लागला. लष्कर आणि रस्ते विभागाने तीन आठवड्यांच्या आत नवा पूल उभा केला, ही त्यांची कर्तबगारी; पण त्या आठवड्यांतल्या प्रवाशांचे कार्यक्रम कोलमडलेच. त्याच वर्षीच्या भूस्खलनानंतर फॉक्स हिमनदीकडे जाणारा दरीतला रस्ता कायमचा सोडून द्यावा लागला. काइकोराच्या २०१६ च्या भूकंपामुळे पूर्व किनाऱ्याचा हमरस्ता वर्षभराहून अधिक काळ बंद होता. तिथे रोज सकाळी रस्त्यांची आणि हवामानाची सरकारी माहिती पाहून मगच किल्ली फिरवतात.

वानाका आणि पश्चिम किनारा जोडणारा हास्टचा रस्ता पुरा झाला तोच १९६५ मध्ये. त्याआधी पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणेला मोटारीने उतरता येत नव्हतं. समुद्राकाठी नाइट्स पॉइंटला थांबलात तर लक्षात ठेवा, ते नाव रस्त्याची आखणी करणाऱ्याच्या कुत्र्याचं आहे. वानाका ते फ्रान्झ जोसेफ हे २८५ किलोमीटर नकाशा चार तासांचे दाखवतो. सहा धरा. हिमनदीचं तोंड मात्र आता पायवाटेने हाताशी येत नाही. बर्फ मागे हटल्यामुळे २०१२ पासून फ्रान्झ जोसेफवर हेलिकॉप्टरनेच जावं लागतं, आणि ते पाहताना उदास वाटतं.

बरोबरच्या खाण्याचंही सांगते. लोणचं, चिवडा, लाडू, जे काही असेल ते विमानतळाच्या अर्जावर लिहून द्या. लिहून दिलेलं फार तर काढून घेतात. न लिहिता सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड होतो. शेती आणि जंगल यांवर जगणाऱ्या देशाची ती काळजी योग्यच आहे.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी, म्हणजे तिथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी, आरक्षण करायला बसला असाल तर पहिली रात्र ख्राइस्टचर्चमध्येच काढा, ते आनाऊला दोन रात्री ठेवा आणि यादीतली तीन ठिकाणं आताच खोडा. करारातलं वगळलेल्या गोष्टींचं पान सही करण्याआधी वाचा. आणि घाटात आरशात मागे गाड्यांची रांग दिसली, तर डावीकडच्या रुंद जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या; त्यांतल्या कोणाला तरी कामावर पोचायचं असतं.